चित्रफीत ओळखायची कशी?

१५ मार्च २०१९ या दिवशी शुक्रवार होता. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात दुपारच्या नमाजासाठी लोक जमले होते. त्या वेळी एका हल्लेखोराने दोन मशिदींत गोळीबार केला. एकूण ५१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत पाच भारतीय नागरिकही होते. हल्लेखोराने डोक्यावरच्या शिरस्त्राणाला कॅमेरा लावला होता, आणि पहिल्या मशिदीतली हत्या तो फेसबुकवरून थेट दाखवत होता. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संसदेत सांगितले, की मी या माणसाचे नाव कधीही उच्चारणार नाही. आपणही ते या लेखात घेणार नाही.

ही घटना वर्गात निघाली की मुले एक प्रश्न हमखास विचारतात. ‘एवढी मोठी कंपनी, एवढे संगणक. मग ती चित्रफीत लगेच पुसून का टाकली नाही?’ प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र दोन भागांत द्यावे लागते, आणि त्यात थोडे गणितही आहे.

आधी त्या दिवशी काय झाले ते आकड्यांत पाहू. ही माहिती कंपनीने स्वतःच नंतर जाहीर केली. थेट प्रक्षेपण १७ मिनिटे चालले. ते चालू असताना पाहणारे लोक २०० पेक्षाही कमी होते, आणि त्यांतल्या एकानेही तक्रार केली नाही. पहिली तक्रार आली ती प्रक्षेपण सुरू झाल्यापासून २९ मिनिटांनी, म्हणजे ते संपूनही १२ मिनिटे झाल्यावर. मूळ चित्रफीत काढून टाकेपर्यंत ती सुमारे ४,००० वेळा पाहिली गेली होती. हा आकडा ऐकून वाटते, की फार काही बिघडले नाही. पण तोवर कोणीतरी तिची प्रत करून दुसऱ्या ठिकाणी ठेवली होती. पुढच्या २४ तासांत फेसबुकला तिच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. त्यांतल्या १२ लाखांहून अधिक प्रती चढवतानाच अडवल्या गेल्या. राहिलेल्या सुमारे तीन लाख आत शिरल्या आणि मग काढल्या गेल्या. म्हणजे जवळजवळ पाचांतली एक प्रत चाळणीतून निसटली.

का निसटली? प्रती सारख्या नव्हत्या, म्हणून. कंपनीने मोजले तेव्हा एकमेकींपासून वेगळ्या दिसणाऱ्या ८०० हून अधिक आवृत्त्या निघाल्या. कोणी कडा कापल्या होत्या, कोणी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चाललेले दृश्य पुन्हा मोबाइलने टिपले होते. काही वाहिन्यांनीही त्यातला भाग दाखवला होता, हे इथे नोंदवायला हवे. सगळेच प्रसारक हल्लेखोराचे चाहते नव्हते. काही निव्वळ कुतूहलाने पाठवत होते, काही ‘बघा, किती भयंकर’ असे सांगण्यासाठी.

आता आपल्या प्रश्नाचे दोन भाग वेगळे करू. एक, माहीत असलेल्या चित्रफितीची प्रत ओळखणे. दोन, पूर्वी कधीच न पाहिलेली चित्रफीत वाईट आहे हे ओळखणे. पहिले काम तुलनेने सोपे आहे, आणि ते वर्गात करून पाहता येते.

वर्तमानपत्रातले एक कृष्णधवल छायाचित्र घ्या. त्याच्या दोन झेरॉक्स काढा, एक गडद आणि एक फिकट. शक्य झाल्यास फिकट प्रत आकारानेही मोठी काढा. दोन्हींवर पेन्सिलीने आठ उभे आणि आठ आडवे रकाने पाडा, म्हणजे ६४ चौकोन होतील. (चौकोन बुद्धिबळाच्या पटाइतकेच होतात, मुलांना लक्षात ठेवायला सोपे.) आता प्रत्येक चौकोनाकडे पाहून ठरवा, की तो त्याच चित्राच्या सरासरी छटेपेक्षा उजळ आहे की काळा? उजळ असेल तर १ लिहा, काळा असेल तर ०. वरच्या ओळीपासून लिहीत गेले की ६४ आकड्यांची एक माळ तयार होईल. एका गटाने गडद प्रतीची माळ करावी, दुसऱ्याने फिकट प्रतीची, आणि एकमेकांची पाहू नये. तिसऱ्या गटाला भलतेच छायाचित्र द्या.

माळा एकाखाली एक लिहून, किती ठिकाणी आकडे वेगळे आले ते मोजा. एकाच छायाचित्राच्या दोन प्रतींत फरक अगदी थोडे येतील, कारण प्रत फिकट झाली तर सगळेच चौकोन फिकट होतात आणि सरासरीही त्यांच्याबरोबर सरकते. भलत्या छायाचित्राशी तुलना केली तर साधारण निम्मे आकडे वेगळे निघतील. ही माळ म्हणजे त्या चित्राच्या बोटाचा ठसा. संगणकवाले तिला ‘हॅश’ म्हणतात. खऱ्या पद्धती याहून पुष्कळ गुंतागुंतीच्या आहेत, पण जातकुळी हीच. ठशावरून मूळ चित्र परत काढता येत नाही, त्यामुळे कंपन्या भयंकर चित्रफिती एकमेकींना न पाठवता नुसते ठसे पाठवू शकतात. फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर आणि यूट्यूब यांनी २०१७ मध्ये दहशतवादाशी संबंधित सामग्रीसाठी असा एकत्र गट स्थापन केला.

आता प्रयोगातला खरा प्रश्न. किती फरकांपर्यंत ‘तेच चित्र’ म्हणायचे? पाच? दहा? वीस? पाचवर रेघ ओढली तर कडा कापलेली प्रत निसटेल. वीसवर ओढली तर एखादे निरपराध छायाचित्र पकडले जाईल. मुलांना वाद घालू द्या. आणि मग फिकट प्रत उलटी करून, उजेडासमोर धरून, मागच्या बाजूने तिची माळ करायला सांगा. माणसाला ते चित्र ओळखायला क्षणही लागत नाही. माळेत मात्र प्रत्येक ओळ उलटी होते आणि फरक एकदम वाढतात. क्राइस्टचर्चच्या तीन लाख प्रती साधारण अशाच वाटांनी आत शिरल्या. शेवटी कंपनीने चित्राबरोबर आवाजाचाही ठसा जुळवून पाहिला, तेव्हा पडद्यावरून टिपलेल्या प्रती सापडू लागल्या.

हे झाले प्रतींचे. पण दुपारी प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा ठसा कोणाकडेच नव्हता. तिथे यंत्राला ‘हे काय चालले आहे’ हे स्वतः ओळखावे लागते. त्यासाठी त्याला आधी हजारो उदाहरणे दाखवून शिकवावे लागते. सुदैवाने अशी उदाहरणे जगात फार नाहीत, आणि नेमके त्यामुळेच यंत्राचे शिक्षण कच्चे राहते. शिवाय गोळीबाराच्या संगणकीय खेळांचे थेट प्रक्षेपण लाखो मुले करत असतात, आणि ते खेळ दिसायला अगदी तसेच असतात: पुढे बंदुकीची नळी, मागे पळणारी माणसे.

‘मग यंत्र अधिक अचूक करा’ असे कोणी म्हणेल. अचूक म्हणजे किती? समजा यंत्र ९९ टक्के अचूक आहे. म्हणजे शंभर वाईट चित्रफितींपैकी ९९ ते पकडते, आणि शंभर निर्दोष चित्रफितींपैकी फक्त एकीला चुकून वाईट म्हणते. आता एका दिवशी दहा लाख चित्रफिती आल्या आणि त्यांत खरोखर हिंसक फक्त १०० होत्या असे धरू. (आकडे उदाहरणापुरते आहेत.) यंत्र शंभरांतल्या ९९ पकडेल. उरलेल्या ९,९९,९०० निर्दोष चित्रफितींचा एक टक्का म्हणजे ९,९९९. एकूण पकडल्या गेल्या १०,०९८, आणि त्यांतल्या खऱ्या गुन्हेगार ९९. शंभरांत एकसुद्धा नाही! ९९ टक्के अचूक यंत्राने पकडलेल्या चित्रफितींपैकी ९९ टक्के निर्दोष निघतात, हे फळ्यावर मांडल्याशिवाय कोणाला पटत नाही. शोधायची वस्तू दुर्मिळ असली की असेच होते. दुर्मिळ रोगासाठी सरसकट सर्वांची तपासणी करताना डॉक्टरांनाही हीच अडचण येते.

आता पकडलेल्या त्या दहा हजारांचे करायचे काय? सरळ काढून टाकल्या, तर दहा हजार माणसांचे बोलणे विनाकारण दाबले गेले. एकेक माणसाने पाहायची म्हटली, तर थेट प्रक्षेपण तोवर संपून जाते.

इथवरचे सगळे गणित एका गृहीतावर उभे होते. चित्रफीत एक तर वाईट असते किंवा निर्दोष, आणि यंत्राने ते ओळखायचे. हे गृहीत कुठून आले ते पाहण्यासारखे आहे. ठसे जुळवण्याची एक प्रसिद्ध पद्धत मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ महाविद्यालयातले प्राध्यापक हॅनी फरीद यांनी २००९ मध्ये तयार केली, ती बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे शोधण्यासाठी. तसे चित्र कोणीही, कुठेही, कोणत्याही हेतूने पसरवले तरी ते गुन्हाच आहे. प्रत ओळखली की काम संपले, अर्थ पाहायची गरजच नाही. राजकीय हिंसेच्या चित्राचे तसे नसते. तेच चित्र एकाच्या हातात प्रचाराचे हत्यार असते आणि दुसऱ्याच्या हातात साक्षीपुरावा.

याचे उदाहरण २०१७ च्या उन्हाळ्यात घडले. यूट्यूबने अतिरेकी सामग्री ओळखायला नवी शिकवलेली यंत्रणा लावली, आणि सीरियातल्या युद्धाच्या हजारो चित्रफिती नाहीशा झाल्या. त्यांतल्या पुष्कळ तिथल्याच नागरिकांनी आणि पत्रकारांनी जिवावर उदार होऊन टिपल्या होत्या: बाँब पडलेली घरे, जखमी माणसे. ‘सीरियन आर्काइव्ह’ ही संस्था अशा चित्रफिती पुरावा म्हणून जपून ठेवत होती, तिच्या हे ध्यानात आले. तक्रारींनंतर काही परत आल्या, सगळ्या नाहीत. आणि त्याच ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या महमूद अल-वेरफल्ली या लष्करी अधिकाऱ्यावर हत्यांच्या आरोपाखाली अटकेचे वॉरंट काढले. त्यातल्या पुराव्याचा मोठा भाग समाजमाध्यमांवर पसरलेल्या चित्रफितींचा होता. एकीकडे कंपनीची यंत्रणा अशी दृश्ये पुसत होती, दुसरीकडे न्यायालय तशाच दृश्यांवर विसंबत होते.

चित्राची ही गत, तर शब्दांची काय असेल? म्यानमारमध्ये २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांहून अधिक रोहिंग्या लोक देश सोडून बांगलादेशात पळाले. त्यांच्याविरुद्ध द्वेष पसरवण्यात फेसबुकचा मोठा वाटा होता असे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीत पुढे आले, आणि आपण पुरेसे केले नाही हे कंपनीनेही २०१८ मध्ये मान्य केले. रॉयटर्स वृत्तसंस्थेने दाखवून दिले, की २०१५ च्या सुरुवातीला आक्षेपार्ह मजकूर तपासणाऱ्यांत बर्मी जाणणारी माणसे फक्त दोन होती. यंत्राची मदत घ्यावी, तर लोकांना ठार मारा असे सांगणाऱ्या एका बर्मी मजकुराचे यंत्राने केलेले भाषांतर इंद्रधनुष्याविषयी निघाले! त्यात आणखी एक तांत्रिक भानगड होती. म्यानमारमध्ये बहुतेक लोक युनिकोडऐवजी ‘झॉजी’ नावाचा जुना फाँट वापरत. पडद्यावर अक्षर तेच, पण संगणकाच्या पोटात त्याचा क्रमांक वेगळा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडताना जो घोटाळा होतो, तो ज्या शिक्षकांनी अनुभवला आहे त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. तेव्हा इंग्रजीसाठी घडवलेली चाळणी जगातल्या सर्व भाषांना सारखीच लागू पडते, हे समजणे भाबडेपणाचे आहे.

चाळणीची भोके बारीक ठेवायची की मोठी, हे शेवटी माणसेच ठरवतात. कोणती माणसे? चूक दुसऱ्या बाजूला झाली तर काय होते, याचा धडा आपल्या राज्यात घडला आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, दुसरीने त्याला पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. कोणाला धमकी नव्हती, हिंसेची हाक नव्हती. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६अ होते, आणि त्यात ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असे मोघम शब्द होते. पुढे हा खटला मागे पडला, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ते कलमच रद्द केले. त्या निकालात केलेला एक भेद शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. एखाद्या मताची चर्चा करणे वेगळे, त्याचा पुरस्कार करणे वेगळे, आणि चिथावणी देणे वेगळे. पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय वाटल्या तरी त्या अभिव्यक्तीच्या हक्कात बसतात. बोलणे चिथावणीपर्यंत पोहोचले, की संविधानाच्या कलम १९(२) मधली बंधने लागू होऊ शकतात.

हा भेद आपण शब्दांच्या यादीवरून करू शकत नाही. तोच शब्द तिन्ही ठिकाणी येतो. इतिहासाच्या तासाला नाझी प्रचाराचे भित्तिपत्रक दाखवणारा शिक्षक आणि ते भिंतीवर चिकटवणारा यांच्या हातात कागद एकच असतो.

आणखी एक गुंता आहे. संविधानातला हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्धचा आहे. कंपनीने तुमचा मजकूर काढला तर ती तिच्या नियमांप्रमाणे काढते, आणि ते नियम कोणत्याही विधिमंडळात चर्चेला आलेले नसतात. मग सरकारांनी कंपन्यांवर कायद्याने जबाबदारी टाकायला सुरुवात केली. जर्मनीने २०१७ मध्ये कायदा केला, की उघड उघड बेकायदा मजकूर तक्रार आल्यापासून २४ तासांत काढला पाहिजे. कायद्याचे पालन पद्धतशीरपणे टाळणाऱ्या कंपनीला दंड होता पाच कोटी युरोपर्यंत. हेतू चांगला होता. पण दंड न काढल्याबद्दल होता, चुकून काढल्याबद्दल नव्हता! आपल्या प्रयोगातली रेघ अशा वेळी कंपनी कुठे ओढेल, हे सातवीचा मुलगाही सांगेल. २०२४ पासून युरोपीय संघभर लागू झालेल्या नव्या कायद्यात मजकूर का काढला याचे कारण संबंधिताला कळवणे आणि दाद मागण्याची सोय करणे बंधनकारक आहे. माझ्या मते गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात झालेली ही सर्वांत समंजस सुधारणा आहे. चाळणी चुकणारच असेल, तर चूक दाखवायला दार तरी हवे.

यंत्राला जमत नाही ते पाहायला जी माणसे नेमली जातात, त्यांच्याविषयी आपण क्वचितच बोलतो. दिवसभर खून, आत्महत्या, छळ पाहायचे आणि ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ असा निर्णय द्यायचा, हे त्यांचे काम. अमेरिकेत अशा कर्मचाऱ्यांनी मानसिक आजार जडल्याची तक्रार करून फेसबुकवर दावा लावला. मे २०२० मध्ये कंपनीने ५ कोटी २० लाख डॉलर देण्याचे मान्य करून तो मिटवला. भरपाईस पात्र ठरलेले आजी-माजी कर्मचारी दहा हजारांहून अधिक होते.

क्राइस्टचर्चनंतर दोन महिन्यांनी पॅरिसमध्ये अनेक देश आणि कंपन्या यांनी एकत्र येऊन अशी सामग्री रोखण्याची वचने दिली. त्याचा परिणाम झाला का? काही प्रमाणात निश्चित झाला. १४ मे २०२२ रोजी अमेरिकेतल्या बफेलो शहरात एका वंशद्वेष्ट्या तरुणाने एका सुपरमार्केटमध्ये दहा कृष्णवर्णीयांची हत्या केली आणि तीही ट्विच या माध्यमावरून थेट दाखवली. या वेळी गोळीबार सुरू झाल्यापासून दोन मिनिटांच्या आत प्रक्षेपण तोडले गेले. १७ मिनिटांच्या जागी दोन मिनिटे. पण तेवढ्यात कोणीतरी प्रत करून घेतली होती. दुसऱ्या एका संकेतस्थळावर ठेवलेली ती प्रत काढली जाईपर्यंत ३० लाखांहून अधिक वेळा पाहिली गेली.

या तरुणाने आपल्या टिपणांत लिहून ठेवले होते, की आपण क्राइस्टचर्चच्या चित्रफितीचा एक तुकडा पाहिला आणि तिथून सगळे सुरू झाले. तो तुकडा त्याला दिसला २०२० मध्ये, ‘फोरचॅन’ नावाच्या संकेतस्थळावर. तोवर मोठ्या कंपन्यांच्या यादीत त्या चित्रफितीचे शेकडो ठसे जमा होऊन वर्ष उलटले होते. फोरचॅन त्या गटात नव्हते.